उत्कर्षाच्या नावावरचं बिल

नागोराव पतंगे गेली अठ्ठावीस वर्षं सदाशिव पेठेतल्या लोकांची बिलं भरतात. नोकरी म्हणाल तर ते पेठेतल्याच एका डोळ्यांच्या दवाखान्यात शिपाई आहेत. दवाखाना सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी पाच ते नऊ. मधल्या चार तासांत बाकीची पेठ वामकुक्षी घेते आणि नागोराव कुठल्यातरी रांगेत उभे असतात. लाइटबिल, फोनचं बिल, घरपट्टी, कुणाच्या गावाकडच्या शेताचा सारासुद्धा. एका बिलामागे दहा रुपये. पूर्वी दोन होते.

परभणी जिल्ह्यात जिंतूरच्या पलीकडे त्यांचं गाव. माणूस उंच, सडसडीत, चालताना किंचित पुढे झुकलेला. पावती आणून देताना बिलाच्या पाठीमागे ते पेन्सिलीने तारीख घालतात. मी एकदा विचारलं, "पेनाने का नाही लिहीत?" तर म्हणाले, "बिल तुमचं हाय बाई. त्यावर माझं पेन कशाला?" इतक्या वर्षांत त्यांनी भरलेलं एकही बिल मुदतीबाहेर गेलेलं मला आठवत नाही. एका मे महिन्यात ते गावी गेले होते आणि माझ्या फोनच्या बिलाची तारीख मध्येच आली, तर जाण्याआधी चार दिवस अगोदरच भरून गेले.

त्यांचा नियम एकच. बिलाचा कागद हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत आणि पैसे दिल्यावर पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

या नियमाने आमच्या इमारतीतल्या आप्पासाहेबांचे पैसे वाचवले, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आप्पासाहेब ब्याऐंशी वर्षांचे, दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. एका दुपारी त्यांना फोन आला की तुमचं मागच्या महिन्याचं बिल जमा झालेलं नाही, रात्री साडेनऊला लाइट तोडणार, आत्ता या नंबरवर पैसे पाठवा. आप्पासाहेब घाबरून चष्मा शोधत होते. नागोराव पावती द्यायला आलेले. त्यांनी फोन हातात घेतला आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, बिल घेऊन घरी या. पत्ता लिहून घ्या. दुसरा मजला, लिफ्ट बंद हाय, जिन्यानं यावं लागंल." पलीकडून एक घाणेरडी शिवी आली आणि फोन बंद झाला.

"नागोराव," आप्पासाहेब म्हणाले, "जिन्याचं सांगितलंत तिथेच तो खचला."

तेव्हापासून इमारतीत सगळेच अनोळखी फोनला सांगू लागले, कागद घेऊन या.

नागोरावांना एकच मुलगी, उत्कर्षा. तिची आई एका मेसमध्ये पोळ्या करते. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर उत्कर्षा दोन वर्षं माझ्याकडे भाषा शिकायला येत होती. अक्षर वडिलांसारखं, बारीक आणि सरळ. बी.कॉम. झाल्यावर तिने बँकेच्या परीक्षांचा ध्यास घेतला. तीन वर्षं दिली. दोनदा थोडक्यात हुकली. गेल्या वर्षीच्या परीक्षेत पास झाली, कागदपत्रांची तपासणी झाली आणि एका सरकारी बँकेचं नेमणुकीचं पत्र यायचं तेवढं बाकी राहिलं. ते ज्या गुरुवारी आलं, त्याच गुरुवारी दुपारी तीन वाजता ती माझ्या दारात उभी होती. पेढे नव्हते. हातात दोन कागद होते.

"बाई, बाबा इथेच आहेत ना?"

नागोराव माझ्या टेबलापाशी पावत्या लावत बसले होते. तिने दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. पहिला बँकेचा. पुढच्याच्या पुढच्या सोमवारी सकाळी दहा वाजता शाखेत हजर व्हायचं. म्हणजे अकरा दिवस. त्याच पत्रात खाली एक कलम होतं. उमेदवाराची आजवरची देणी फेडण्याची नोंद स्वच्छ हवी. त्या नोंदीत कुणाची थकबाकी दिसत असेल, तर ती मिटवून ज्याची त्याच्याकडून 'काहीही बाकी नाही' असं पत्र रुजू होण्याआधी आणावं. ते न आणल्यास नेमणूक रद्द होऊ शकते.

"आपल्याला काय त्याचं?" नागोराव म्हणाले. "आपण कुणाचे पाच रुपये घेतले नाहीत."

"दुसरा कागद बघा."

दुसरा कागद म्हणजे तिचा सिबिल. कुणी कर्ज घेतलं, हप्ते वेळेवर भरले की चुकवले, याची नोंद ज्या संस्था ठेवतात त्यांचा अहवाल. उत्कर्षाने तो फोनवरून काढून छापून आणला होता. त्यात एकच खातं होतं. एका ब्रॉडबँड कंपनीचं. बाकी चौदाशे सोळा रुपये. त्यापुढे इंग्रजीत लिहिलेलं, की ही रक्कम वसूल होण्याची आशा सोडून कंपनीने ती बुडीत धरली आहे.

नागोरावांनी कागद उचलला, लांब धरला, जवळ धरला.

"हे आपलं नाही," ते म्हणाले. "आपण ते नेट बंद केलं. अर्ज दिला. शिक्का घेतला. माझ्याकडं कॉपी हाय."

खरंच होतं ते. लॉकडाऊनच्या दुसऱ्या वर्षी उत्कर्षाच्या अभ्यासासाठी त्यांनी घरी नेट घेतलं. नागोरावांच्या आधारवर 'नागोराव' आहे आणि पॅनवर 'नागनाथ'. जोडणीला आलेला माणूस म्हणाला, नावं जुळत नाहीत, मुलीचं कार्ड द्या. उत्कर्षा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिचं पॅन नुकतंच आलं होतं, तेच दिलं. पुढे दोन वर्षं नागोरावांनी दर महिन्याला ते बिल खिडकीवर रोख भरलं. मग त्यांची भाड्याची इमारत पाडायला घेतली आणि ते कात्रजला राहायला गेले. जाण्याआधी त्यांनी कंपनीच्या ऑफिसात जाऊन बंद करण्याचा अर्ज दिला, नेटचा डबा परत केला, शिक्का घेतला. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, शेवटच्या पंधरा-वीस दिवसांचं बिल घरी येईल, ते भरा.

नागोराव त्या बिलाची वाट बघत राहिले. बिल जुन्या पत्त्यावर गेलं. तिथे तेव्हा जेसीबी चालत होता. ईमेलने गेलं असेल तर तेही कुठे गेलं कोण जाणे. जोडणीच्या फॉर्मवर ईमेलच्या रकान्यात त्या माणसाने स्वतःच्याच मनाने काहीतरी लिहून टाकलं होतं.

"फोन आले होते," उत्कर्षा म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली गेला. "बाबा, फोन आले होते. मी तुम्हाला सांगितलं होतं. कुणीतरी म्हणतंय नेटचं बिल बाकी आहे. तुम्ही काय म्हणालात?"

नागोराव पुढ्यातल्या पावत्या पुन्हा सरळ लावू लागले.

"कागद असल तर दे म्हणावं, नसल तर चोर हाय. ब्लॉक कर. असं म्हणालात ना? मी केले. एकेक करून अकरा नंबर ब्लॉक केले."

मी मध्ये पडायचं म्हणून विचारलं, "मग माझं लाइटबिल राहिलं तर माझंही असंच होईल?"

"लाइटबिल तिथे जात नाही, बाई. वीज तोडतात, संपलं. पण हे फोन आणि नेटवाले आधी वापरा, मग भरा असं देतात ना, ते उधारीतच धरतात. कंपनीने कळवलं की लागलं आपल्या नावाला." ती वडिलांकडे वळली. "स्कोअर नऊशेपैकी पाचशे एक्क्याण्णव आहे. माझ्या बॅचमधल्या एका मुलीने क्रेडिट कार्ड बुडवलंय, तिचा माझ्यापेक्षा चांगला आहे."

"उद्याच्या उद्या भरून टाकतो," नागोराव उठत म्हणाले. "बेबाकीचा दाखला घेतो. त्यात काय."

शुक्रवारी दुपारी ते कंपनीच्या त्या जुन्या ऑफिसात गेले. तिथे आता आइस्क्रीमचं दुकान होतं. दुकानातल्या मुलाने सांगितलं, ऑफिस जाऊन वर्ष झालं, आता सगळं फोनवर. नागोराव माझ्याकडे आले, उत्कर्षाही आली. तिने कंपनीच्या मदत क्रमांकाला फोन लावला. पस्तीस मिनिटं गाणं वाजलं. मग एकाने सांगितलं की खातं बंद आहे, बंद खात्यावर पैसे घेता येत नाहीत, वसुली बाहेरच्या एजन्सीकडे दिली आहे. कुठली एजन्सी? ते इथे दिसत नाही. ईमेल करा, सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर येईल.

उत्कर्षाने ईमेल केली. बोटांवर सात दिवस मोजले. शनिवार-रविवार सोडून ते रुजू व्हायच्या दिवसाच्याही पुढे जात होते.

सोमवार गेला. मंगळवारी नागोराव आले ते पावत्या न आणता. मला वाटतं, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या पिशवीत माझं बिल तसंच राहिलं होतं. मुदत बाकी होती, पण तरी.

"बँकेत जाऊन पाया पडू का साहेबांच्या?" ते म्हणाले.

"बाबा, प्लीज." उत्कर्षा टेबलाशी बसून फोनमध्ये काहीतरी शोधत होती. "बाई, मी ब्लॉक केलेले नंबर अजून आहेत. तेच लावून बघते."

अकरातले पहिले चार अस्तित्वातच नव्हते. पाचवा एका रिक्षावाल्याने उचलला आणि चिडला. सातव्या नंबरवर एका मुलीचा आवाज आला, पटापट बोलणारा. उत्कर्षाने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"हां मॅडम, तनुजा बोलतेय. खातं दिसतंय. चौदाशे सोळा. तुमच्यासाठी ऑफर आहे, सेटलमेंट सातशेला. लिंक पाठवू का? पाच मिनिटांत भरलं तर आजच क्लोज करते."

"पाठवा," उत्कर्षा म्हणाली.

"थांबा!" नागोराव खुर्चीवरून उठले. "मॅडम, बिल पाठवा आधी. कागद."

"कोण बोलतंय?"

"मी वडील. नागोराव. तुम्ही कुठं बसता? ऑफिस कुठं हाय?"

"हडपसरला. पण काका, इकडे कस्टमर येत नाहीत. लिंकवर भरायचं."

"लिंक कुणाची? पैसे कुणाला जायलेत? पावती कोण देणार?"

"बाबा!" उत्कर्षाने फोनवर हात ठेवला. "सात दिवस राहिलेत. सहाच."

"तू काय बोलायलीस? असेच फोन येतेत चोरांचे. अर्ध्या पैशात मिटवतो म्हणणारा कधी खरा असतो का? आप्पासाहेबांचं…"

"आप्पासाहेबांचं वाचलं! माझं गेलं! तुमच्या कागदापायी गेलं!"

ती इतक्या मोठ्याने आजवर माझ्या घरात बोलली नव्हती. फोनवरून तनुजा म्हणाली, "मॅडम, कॉल ठेवू का?" आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेना.

नागोराव उभेच होते. त्यांनी पिशवी उचलली. "हडपसर म्हणाली ना ती," ते म्हणाले, "मंग जाऊन बघू. माणूस असंल तर दिसंल."

बुधवारी त्यांनी दवाखान्यातून रजा घेतली. बापलेक बसने हडपसरला गेले. पुढचं मला उत्कर्षाने सांगितलं. ती सांगताना वडिलांना 'बाबा' न म्हणता 'हे' म्हणत होती, हे माझ्या लक्षात आलं.

एजन्सीचं नाव तिने कॉल आलेल्या नंबरावरून शोधून काढलं होतं. आयटी पार्कच्या मागच्या रस्त्यावर एक काचेची इमारत. दारावर रखवालदार.

"अपॉइंटमेंट?"

"बिल भरायचंय," नागोराव म्हणाले.

रखवालदाराने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. "इथे बिल भरत नाहीत, काका. इथून फोन करतात."

नागोरावांना खिडकी दिसेना, रांग दिसेना. कुठे उभं राहायचं तेच कळेना. म्हणून ते फाटकासमोर, फुटपाथवर उभे राहिले. सकाळी दहापासून. उत्कर्षा सावलीत बसून तो नंबर लावत राहिली. घंटी वाजायची, कुणी उचलायचं नाही. साडेअकराला तिने सांगितलं, चला परत. नागोराव म्हणाले, दुपारी जेवायला तर बाहेर येतील.

एक वाजता इमारतीतून पोरापोरींचा लोंढा बाहेर पडला. सगळ्यांच्या गळ्यात पट्ट्याला लटकवलेली ओळखपत्रं. समोरच्या गाड्यावर गर्दी झाली. नागोराव त्या गर्दीत शिरले आणि प्रत्येकाला विचारू लागले, तनुजा मॅडम कोण? कुणी हसलं. कुणी म्हणालं, "काका, कुठली तनुजा? इथे तीन आहेत." उत्कर्षाला वाटलं, जमीन दुभंगावी.

मग वडापाव खात असलेली एक मुलगी म्हणाली, "कशाला हवीय?"

आवाज तोच होता. उत्कर्षा धावत गेली.

"काल फोनवर भांडत होतात ते तुम्ही?" तनुजा म्हणाली. तिने वडापाव कागदात परत गुंडाळला. "काका, तुम्ही खरंच आलात?"

"तुम्हीच म्हणालात हडपसर."

"अहो, पण कुणी येत नाही हो! लोक आम्हाला शिव्या देतात आणि ठेवतात." ती जरा थांबली. "परभणीकडचे का? काल ते 'जायलेत, जायलेत' ऐकून वाटलंच. मी सेलूची."

नागोरावांनी खिशातून पाकीट काढलं. त्यात मोजून चौदाशे सोळा रुपये होते. वरचे सोळा सुट्टे, दहाची नोट आणि सहा नाणी. ते त्यांनी तिच्यापुढे धरले. ती दोन पावलं मागे सरकली आणि आजूबाजूला पाहिलं.

"आत ठेवा! कॅश हातात घेताना कुणी पाहिलं तर माझी नोकरी जाईल. लिंकवरच भरावं लागतं. सातशेची ऑफर अजून आहे, घ्या आणि मोकळे व्हा."

"सातशे का?" नागोराव म्हणाले. "बाकी चौदाशे सोळा हाय ना? सगळे घ्या. आम्ही कधी कुणाचं बिल कमी भरलं नाही."

उत्कर्षाने मध्येच बँकेच्या पत्राचं आणि सोमवारचं सांगून टाकलं. तनुजाने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे मी सांगायला नको. माझं टार्गेट सेटलमेंटवर असतं. पण बँकेची नोकरी आहे ना? मग सेटलमेंट नका घेऊ. रिपोर्टवर 'तडजोडीने मिटवलं' असं येतं, ते वर्षानुवर्षं दिसतं. बँकवाले तेच वाचतात. पूर्ण भरा."

"मंग पावती?"

"पावती फोनवर येईल. बाकी नसल्याचं पत्र कंपनीच्या हेड ऑफिसातून येतं. तीन कामकाजाचे दिवस. मी अर्जंट टाकते, पण माझ्या हातात नाही."

उत्कर्षाने हिशेब केला. गुरुवार, शुक्रवार, सोमवार. सोमवारी दहा वाजता रुजू व्हायचं होतं.

"पत्र आधी नाही मिळणार?" नागोरावांनी विचारलं.

"पैसे आल्याशिवाय पत्र नाही, काका."

उत्कर्षा म्हणाली की तनुजाने लिंक पाठवली आणि हे ती पिशवीतल्या अर्जाच्या कॉपीशी पुन्हा पुन्हा ताडून बघत राहिले. तनुजाची सुट्टी संपत आली होती. ती घड्याळ बघत होती. लिंक कंपनीच्याच नावाची होती, खाते क्रमांक बंद करण्याच्या अर्जावरच्या क्रमांकाशी जुळत होता, एवढंच काय ते हातात. नागोरावांनी नोटा आणि नाणी उत्कर्षाच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "भर."

तिने फोनवरून भरले. टिंग असा आवाज झाला. पैसे गेले. नागोराव हात पुढे करून उभे राहिले होते. हातात काहीच आलं नाही तेव्हा त्यांनी तो खिशात घातला.

गुरुवारी पत्र आलं नाही. शुक्रवारी आलं नाही. शनिवारी नागोराव माझ्याकडे दोनदा आले. पहिल्यांदा माझ्या बिलाची पावती दिली, मागे पेन्सिलीची तारीख होती. दुसऱ्यांदा काही कामच नव्हतं.

"सेलूची हाय म्हणाली," ते म्हणाले. "गावाचं नाव खोटं सांगून काय मिळणार तिला?"

"काही नाही," मी म्हणाले.

"वडापाव खायली होती. घाईत. खोटं बोलणारा माणूस इतका वेळ थांबंल का?"

मी चहा ठेवला. ते न पिता बसून राहिले. मग म्हणाले, "बाई, मी लोकांना काय सांगू आता? फोन आला तर पैसे द्यायचे का नाही? सगळे मला विचारतेत. काय उत्तर देऊ?"

मी त्यांचा गार झालेला चहा परत गरम करायला उचलला. "उत्कर्षा जेवायला बसत नाही माझ्यासंगं," ते म्हणाले. "तिची आई दोन ताटं वेगळ्या वेळी वाढते."

रविवारी सायंकाळपर्यंत काही आलं नाही. तनुजाचा फोन बंद. रविवारी तिची सुट्टी असणार, असं मी म्हटलं आणि ते बरोबरच होतं, पण त्याने कुणाला धीर आला नाही.

सोमवारी सकाळी मी त्यांच्यासोबत गेले. शाखा टिळक रस्त्याजवळ आहे. पावणेदहाला आम्ही तिघं बाहेर फुटपाथवर होतो. उत्कर्षाने फिकट निळी साडी नेसली होती, आईची. हातात प्लास्टिकची फाइल. तिने ठरवलं होतं की पत्र नसेल तर निदान पैसे भरल्याची फोनवरची पावती दाखवायची आणि हात जोडायचे. बाकी तिच्याजवळ काही नव्हतं.

नऊ बावन्नला तिचा फोन वाजला. मेसेज. तिने पाहिलं, मग डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं.

"आलं," ती म्हणाली. "मेल आली. पीडीएफ आहे."

"छापायला लागंल," नागोराव म्हणाले आणि निघालेसुद्धा. कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान होतं, शटर अर्धं वर. दुकानदार उदबत्ती लावत होता. "पूजा होऊ द्या," तो म्हणाला. "पाच मिनिटं."

"पाच मिनिटं नाहीत," नागोराव म्हणाले. "माझ्या पोरीची नोकरी हाय."

दुकानदाराने उदबत्ती हातात धरूनच मशीन सुरू केलं.

कागद बाहेर आला. नागोरावांनी तो आधी घेतला आणि वर-खाली पाहिला. त्यांचा चेहरा उतरला.

"सही कुठाय? शिक्का कुठाय?"

खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की हे पत्र संगणकावर तयार केलेलं असून त्यावर सहीची गरज नाही.

"हा कागद नाही," नागोराव पुटपुटले. "सही नाही तर कसला कागद?"

उत्कर्षाने तो त्यांच्या हातातून घेतला आणि दहाला तीन मिनिटं कमी असताना आत गेली.

मी आणि नागोराव समोरच्या कट्ट्याशी उभे राहिलो. मी बसले, ते बसले नाहीत. काचेतून आतलं फारसं दिसत नव्हतं. सव्वादहा झाले. साडेदहा. रखवालदाराने एकदा आम्हाला विचारलं, काही काम आहे का. नागोराव म्हणाले, "आमचं काम आत हाय."

पावणेअकराला ती बाहेर आली. डावीकडे-उजवीकडे बघत रस्ता ओलांडला. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"साहेबांनी दोनदा वाचलं," ती म्हणाली. "मला विचारलं, पूर्ण भरलं की सेटलमेंट? मी म्हटलं, पूर्ण. ते म्हणाले, सेटलमेंट असतं तर मला वर विचारावं लागलं असतं आणि आज तुम्ही परत गेला असतात. मग पत्रावरचा क्रमांक कॉम्प्युटरवर टाकून बघितला. सहीचं विचारलंच नाही त्यांनी." ती श्वास घ्यायला थांबली. "रुजू करून घेतलंय. पण लिहून घेतलंय माझ्याकडून. दोन महिन्यांत नवा रिपोर्ट आणून दाखवायचा. त्यात सुधारलेलं दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर बघू म्हणाले."

"दोन महिने," नागोराव म्हणाले.

"हो. आणि तोपर्यंत जो फोन येईल तो मी घेणार, बाबा. ब्लॉक नाही करणार. मी विचारणार काय, कुणाचं, किती. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

"नाही बोलत."

"खरंच?"

"नाही बोलत म्हटलं ना. फक्त विचारत जा, ऑफिस कुठं हाय."

तिला हसू आलं, ते तिने दाबलं. "आत बोलावलंय. आज काउंटरवर नुसतं बसून बघायचंय. साडेपाचला सुटेन. तुम्ही थांबू नका."

"जा," नागोराव म्हणाले. "नीट बघ."

ती रस्ता ओलांडून आत गेली. दरवाजा बंद होईपर्यंत नागोराव तिकडे बघत राहिले. मग माझ्याशेजारी कट्ट्यावर टेकले.